देवाच्या नावावरचे रान

घाटमाथ्यावरच्या किंवा तळकोकणातल्या एखाद्या गावात पावसाळा सरल्यावर गेले, तर गावाभोवतालचे रान आणि गावाची देवराई यांतला फरक कळायला वनस्पतिशास्त्र शिकलेले असावे लागत नाही. बाहेरच्या उतारांवर ऐन असतो, किंजळ असतो. पण राबासाठी दरवर्षी फांद्या उतरवल्याने ही झाडे नुसत्या बुंध्यांवर उभी असतात. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची तर पालापाचोळा आणि फाटी लागते, कुडाच्या भिंतीला कारवी लागते, चुलीला जळण लागते, गुरांना चारा लागतो. हे सारे डोंगर पुरवतो आणि पुरवल्याच्या खुणा अंगावर बाळगतो. मधे करवंदाच्या जाळ्या, गवताचे माळ, नाचणी-वरईची उतरती शेते. मग एके ठिकाणी, कुंपण नाही की पाटी नाही, तरी झाडी एकदम उंच होते. आत बेहडा, जांभूळ, सातवीण, रानआंबा. या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या गारंबीच्या जाड वेली. पायाखाली वर्षानुवर्षे न हललेला पाचोळा. आणि बहुधा उन्हाळ्यातही न आटणारा एक झरा. कुठेतरी कडेला किंवा मधोमध शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड. नाव काळकाई, वाघजाई, सोमजाई, जनाई, नाही तर भैरी किंवा म्हसोबा. बाहेरच्या झाडांवर जो कोयता चालला तोच कोयता, त्याच माणसांच्या हातातला, त्याच गरजांसाठी उचललेला, या हद्दीपाशी का थांबला? देवराईला भेट देणाऱ्याने पक्ष्यांची आणि झाडांची यादी करण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारावा असे मला वाटते, कारण तो पर्यावरणाचा जितका आहे त्याहून अधिक धर्माचा आहे.

याला एक तयार उत्तर असते आणि ते व्याख्यानांत टाळ्या घेते: आपली संस्कृतीच मुळी निसर्गपूजक आहे. हे उत्तर मला पटत नाही. ज्या महाभारताला आपण संस्कृतीचा कोश मानतो त्यात खांडववन जाळले जाते, तेही अग्नी या देवाच्या मागणीवरून आणि कृष्णार्जुनांच्या हातून. पळून जाऊ पाहणारी जनावरेसुद्धा परत आगीत लोटली जातात. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रसंगाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले आणि त्यातले क्रौर्य झाकले नाही. ज्या रस्त्यावर वडाला दोरे गुंडाळले जातात त्याच रस्त्याच्या रुंदीकरणात तो वड पडतो तेव्हा दोरे गुंडाळणारे हात फारसे आडवे येत नाहीत. पश्चिमेत याच्या उलट बाजूने एक मांडणी झाली. लिन व्हाइट या इतिहासकाराने 1967 साली एका गाजलेल्या निबंधात म्हटले, की झाडाझऱ्यांतले देव ख्रिस्ती धर्माने हुसकून लावले आणि म्हणून माणसाला निसर्ग ओरबाडायची मुभा मिळाली. ते खरे धरले, तर जिथे झाडाझऱ्यांतले देव टिकले त्या देशात डोंगर हिरवे असायला हवे होते. सह्याद्रीचे बोडके उतार या तर्काला पुरेसे उत्तर आहेत. देव मानला की झाड वाचते, असे नाही. एका विशिष्ट जागी, एका विशिष्ट तऱ्हेने मानलेल्या देवामुळे काही झाडे वाचली, एवढेच पुराव्याने म्हणता येते. मग ती तऱ्हा कोणती, हे शोधायला हवे.

दुसरे उत्तर अभ्यासकांचे आहे आणि त्याला आधार भक्कम आहे. ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वनप्रमुख डीट्रिश ब्रँडिस यांनी एकोणिसाव्या शतकातच देशभरच्या अशा राखीव रायांची नोंद केली होती. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याभोवतीचे डोंगर पायी तुडवून मातृदेवतांची ठाणी पाहिली आणि 1962 च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त त्यांचा संबंध शेतीपूर्व काळातल्या वाटांशी आणि वस्त्यांशी जोडला. सत्तरच्या दशकात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी देवरायांची पद्धतशीर पाहणी केली. त्यांच्या लेखनातून जी समजूत रुजली ती अशी: देवराई म्हणजे गावाने अनुभवातून राखलेला साठा. पाण्याचा उगम, औषधी, अडीनडीची लाकडे, परागीभवन करणारे कीटक, बी पसरवणारे पक्षी हे सारे त्या तुकड्यात सांभाळले गेले, आणि सामान्य माणसाने ते मोडू नये म्हणून त्यावर देवीचा पहारा बसवला गेला. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकीकत या संदर्भात नेहमी सांगितली जाते. तिथली राई वनखात्याच्या तोडीत जाणार असे दिसल्यावर गावकऱ्यांनी या अभ्यासकांकडे मदत मागितली. राई गेली तर तिथला झरा जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय राईत गारंबीची वेल होती आणि गुरांना साप चावल्यावर तिचा औषधासाठी उपयोग केला जात असे. शिफारस झाली, राई वाचली.

या हकीकतीकडे उपयुक्ततेचा पुरावा म्हणून पाहिले जाते. मला ती अधिक गुंतागुंतीची वाटते. सरकारी खात्यापुढे उभे राहताना गावाला झरा आणि औषध यांचीच बाजू मांडावी लागली, कारण खात्याला कळणारी भाषा ती होती. काळकाईचे रान आहे म्हणून तोडू नका, हे वाक्य सरकारी फायलीत कुठल्या रकान्यात भरायचे? गावकऱ्यांना पाण्याची खरी काळजी होती, यात शंका नाही. पण पाण्याची काळजी तर बाहेरच्या डोंगराबद्दलही असायला हवी होती, तिथेही उगम होते, आणि तिथे कोयता थांबला नव्हता. उपयोग हे कारण धरले तर हद्दीच्या आतला आणि बाहेरचा फरक समजत नाही. उलट जी जागा सर्वांत उपयोगी, ती आधी वापरून संपायला हवी.

उपयुक्ततेच्या बाजूने दिलेले प्रत्येक कारण दुधारी असते. झऱ्यासाठी राई राखायची, तर नळयोजना आली की राईचे कारण संपले. औषधी वेलीसाठी राखायची, तर वेल रोपवाटिकेत लावता येते आणि गुरांचा दवाखाना तालुक्याला असतो. ही काही काल्पनिक भीती नाही. पानशेतच्या परिसरात धरणाबरोबर रस्ते आले, रस्त्यांमागून कोळशाचे व्यापारी आले, आणि ज्या झाडांची किंमत तोवर गावातच ठरत होती त्यांचा भाव शहरात ठरू लागला. आज तर या हिशेबाला कायद्याची चौकट आहे. 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली जंगलाची जमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची, तर ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. हेक्टरी किती, ते जंगलाच्या प्रतीनुसार ठरलेले असते, आणि बदली वृक्षारोपणही करावे लागते. मी या तरतुदीला नावे ठेवत नाही. फुकटात जाणाऱ्या जंगलाला निदान काही मोल आले. पण मोल ठरले याचा अर्थच असा, की ते भरणारा भेटला तर जंगल जाऊ शकते. जी गोष्ट फायद्याच्या तराजूत टाकली तिच्यापेक्षा जड फायदा केव्हातरी येणारच. दोडामार्ग तालुक्यात रानाच्या जागी काजू आणि रबर उभे राहिले ते कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. काजू आणि रबर यांचे उत्पन्न कागदावर मांडता येते, रानाचे येत नाही.

तिसरे उत्तर भीतीचे. देवी कोपेल, फांदी तोडणाऱ्याच्या घरात मरण येईल, म्हणून लोक तोडत नाहीत. आगरकरांपासून दाभोलकरांपर्यंत महाराष्ट्रात विवेकवादाची जी परंपरा आहे तिच्या बाजूने इथे रास्त आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आक्षेप असा: चांगल्या परिणामासाठी खोटी समजूत टिकवायची का? आणि टिकवू म्हटले तरी ती टिकणार आहे का? ज्या मुलाला शाळेत कळले की फांदी तोडल्याने कुणी मरत नाही, त्याने फांदी का तोडू नये? या आक्षेपाचा उत्तरार्ध अनुभवाने खरा ठरला आहे. ठेकेदाराने तोडले, त्याला काही झाले नाही, आणि गावाने ते पाहिले, असे घडले की भीतीचा पहारा एका दिवसात उठतो. निव्वळ भयावर उभी असलेली राई आज ना उद्या जाईल, आणि ती तशी गेली तर विवेकवाद्यांना दोष देता येणार नाही.

पण देवराईचा कारभार जवळून पाहिला तर तो निव्वळ भयाचा नाही, हे दिसते. भयाची जागा लोक टाळतात. तिथे जाऊन विचारत नाहीत. कोकणात गावरहाटीची जी रीत आहे तिच्यात विचारणे हाच मुख्य विधी असतो. देवळाच्या दुरुस्तीला वासा हवा, कुणाच्या घराचे आढे मोडले, तर गावचे मानकरी जमतात, गुरव देवापुढे गाऱ्हाणे घालतो, कौल लावतो. पाषाणाला चिकटवलेली कळी किंवा तांदूळ उजवीकडून पडला तर होकार, डावीकडून पडला तर नकार. यावर हसणे सोपे आहे. कळी कुठून पडेल हे ओलाव्यावर आणि वाऱ्यावर अवलंबून असते, आणि चतुर गुरवाला तिची दिशा थोडीफार ठरवताही येत असेल. तरी या विधीत दोन गोष्टी घडतात, ज्या कळीच्या भौतिकशास्त्रावर अवलंबून नाहीत. मागणी चारचौघांत, मोठ्याने, नाव घेऊन करावी लागते. आणि मागणाऱ्याला ‘नाही’ हे उत्तर मिळण्याची तयारी ठेवूनच उभे राहावे लागते. आपल्या वावरातले झाड तोडताना माणूस यांतले काहीच करत नाही. म्हणून देवराईतून लाकूड निघतच नव्हते असे नव्हे, काही ठिकाणी ते निघत होते. मावळातल्या आजिवलीच्या वाघजाईच्या राईत भेरली माडापासून माडी काढली जाते आणि गावाला त्याचे उत्पन्न होते. भीमाशंकरच्या बाजूला रानातला हिरडा कैक घरांना रोख पैसा देतो. अस्पर्श अरण्य ही कल्पना आपल्या गावांना कधी फारशी ठाऊक नव्हती. वापर होता, हक्क नव्हता. मला जे म्हणायचे आहे ते या फरकातच आहे.

देवराई हा भूभागाचा असा तुकडा आहे, ज्याच्यावरचा आपला मालकीहक्क एका अख्ख्या समूहाने सोडून दिलेला असतो. देवाचे नाव हे त्या सोडण्याचे रूप. ‘हे देवीचे’ असे म्हणताना देवीकडे जमीन गेली यापेक्षा आपल्याकडून ती सुटली, हे अधिक महत्त्वाचे असते. याच कारणाने बाहेरचा डोंगर आणि आतली राई यांत फरक पडला. गायरान सर्वांचे असते, म्हणून त्यातून प्रत्येक जण घेतो. गॅरेट हार्डिनने 1968 साली सामायिक कुरणाच्या नाशाचा सिद्धान्त मांडला तो अशाच जागांना लागू पडतो, आणि त्याला एलिनॉर ऑस्ट्रॉमने दिलेले उत्तर, की समूह नियम करून सामायिक गोष्टी राखू शकतात, तेही अशाच जागांबद्दलचे आहे. देवराई या वादाच्या थोडी बाहेर उभी आहे. तिथे वाटपाचे नियम ठरवण्याआधीच वाटा मागायचा नाही, असे ठरलेले असते.

कुणी म्हणेल, मग हा मालकीचाच एक प्रकार झाला. मालक माणूस नाही, देव आहे, इतकेच. भारतीय कायदाही देवाला व्यक्ती मानतो, त्याच्या नावावर जमीन असू शकते. पण त्याच कायद्यात देव कायमचा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असतो. त्याच्या वतीने वहिवाटदार किंवा विश्वस्त कारभार पाहतो, आणि ‘देवाच्या हितासाठी’ त्याची जमीन भाड्याने देता येते, तिच्यावर बांधता येते, क्वचित विकताही येते. कायद्यातला देव हा आपल्यासारखाच एक खातेदार आहे. राईतला देव खातेदार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ‘देवरहाटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कित्येक जमिनी सातबाऱ्यावर सरकारच्या नावे लागलेल्या आहेत आणि गावाला पिढ्यान्‌पिढ्या त्याचे सोयरसुतक नव्हते, यातच खूप काही आले. कागदावर नाव कुणाचे, हा प्रश्न पडावा असे तिथे काही चालतच नव्हते. ईशावास्य उपनिषदाचा पहिला मंत्र सांगतो की जे काही आहे ते ईश्वराने व्यापलेले आहे, तेव्हा त्यागून भोग आणि कुणाच्या धनाची हाव धरू नकोस. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी ‘ईशावास्यवृत्ती’त या मंत्राचे विवरण केले, आणि पुढे भूदानात याच विचाराला जमिनीच्या प्रश्नापर्यंत आणून भिडवले. देवराई उपनिषदातून निघाली, असा दावा मी मुळीच करणार नाही. तांदळ्याला शेंदूर लावणाऱ्यांनी उपनिषद वाचले नव्हते, बहुतेकांना ते वाचू दिलेही नव्हते. एवढेच म्हणतो, की ग्रंथात जे सर्व जगाबद्दल सांगितले आणि म्हणून कुठेच अमलात आले नाही, ते या अक्षरशून्य म्हटल्या गेलेल्या लोकांनी दोन-चार एकरांपुरते का होईना, करून दाखवले.

आता एक अवघड गोष्ट. ज्या गावाने राईवरचा हक्क सोडला त्याच गावाने माणसांमाणसांतले हक्क मात्र घट्ट धरून ठेवले. गाऱ्हाणे कुणी घालायचे, पहिला मान कुणाचा, कुणी हद्दीबाहेर उभे राहायचे, हे जातीने ठरत आले. अनेक रायांत बायकांना जाण्यावर निर्बंध असतात, विटाळाचे नियम असतात. देवराईचे गोडवे गाताना हे सोईस्कर वगळले जाते, आणि मग ज्यांना वगळले गेले त्यांनी या गोडव्यांकडे संशयाने पाहिले तर त्यांचे काय चुकले? माझ्या मते हे निर्बंध देवराईच्या तत्त्वाचा भाग नाहीत, त्या तत्त्वाचा भंग आहेत. रान कुणाचेच नाही असे ज्याने मान्य केले, त्याला त्या रानात कुणाला मज्जाव करण्याचा अधिकार कुठून आला? मान हीही एक मालकीच आहे. ती जशी शाबूत राहिली तशी ती पुढे काय करते, हे गेल्या काही दशकांत दिसले, आणि तिथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप उभा राहतो.

तो आक्षेप असा, की राईचा खरा शत्रू तर देवच निघाला. ज्या गावांत श्रद्धा कमी झाली तिथे राई गेली असे नाही. जिथे श्रद्धा वाढली, पैसा आला, देवळाचा जीर्णोद्धार झाला, तिथे गेली. कोकणातल्या कोणत्याही वाटेवर हे पाहता येते. कौलारू घुमटीच्या जागी सिमेंटचे मंदिर, पुढे सभामंडप, त्यापुढे गाड्या लावायला फरसबंदी, आणि या सगळ्याला जागा करायला पन्नास-शंभर वर्षांचे बेहडे आणि सातविणी आडव्या. खर्चाला हातभार म्हणूनही कधी राईतलेच लाकूड विकले जाते. कवड्या धनेशाला घरटे करायला मोठ्या, जुन्या झाडातली ढोली लागते. असे झाड एकदा गेले की त्याची जागा शेजारी लावलेले सिल्व्हर ओकचे रोप घेऊ शकत नाही. आणि हे सारे करणारे नास्तिक नसतात. मुंबईला राहून गावावर माया करणारी, घाम गाळून वर्गणी देणारी साधी भाविक माणसे असतात. मग देवाच्या नावाने रान राहते, हे म्हणणे टिकते का?

टिकते, पण त्यासाठी देव कुठे राहतो याकडे लक्ष द्यावे लागते. महाराष्ट्रात कितीतरी ग्रामदेवतांबद्दल सांगितले जाते की देवीला छप्पर चालत नाही. घातले तर ती उडवून देते, स्वप्नात येऊन नको म्हणते. या कथांकडे आपण मौज म्हणून पाहतो. मला त्यांत एक नेमका विचार दिसतो. छप्पर नसलेला देव सगळ्या राईत असतो, म्हणून सगळी राई सोडावी लागते. छप्पर आले की देव चार भिंतींत येतो आणि भिंतींबाहेरचे सारे त्याचे आवार होते. आवार झाडून-लोटून साफ ठेवायचे असते, त्यात पाचोळा म्हणजे कचरा आणि वेल म्हणजे अडगळ. गाडगीळ-वर्तकांच्या काळापासून अभ्यासकांनी आणखी एक बदल टिपला आहे: काळकाई-वाघजाईची ओळख पुसट होत जाते आणि तिथे पुराणातल्या, सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या मूर्ती येतात. तांदळा त्या जमिनीतूनच उगवलेला असतो. जयपूरहून आणलेली संगमरवरी मूर्ती कुठेही बसवता येते, तिला त्या रानाची गरज नसते. बरोबरीने भक्तीचा प्रकारही पालटतो. पूर्वीची भक्ती न घेण्यात होती, आताची देण्यात आहे, आणि दिलेल्याची नोंद फरशीवर कोरून घेण्यात आहे. देणगीदारांच्या नावांच्या त्या संगमरवरी पाट्या पाहिल्या की कळते, सोडलेली मालकी हप्त्याहप्त्याने परत घेतली गेली. तेव्हा राई मारणारा देव आणि राई राखणारा देव यांना एकच नाव असले, तरी त्यांच्यामागचा धर्म एक नाही.

कायद्याने हे काम होईल का, असा प्रश्न विचारला जातो. 18 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिथल्या देवरायांच्या, प्रकरणात निकाल दिला. प्रत्येक ओरण जागेवर जाऊन आणि उपग्रहाच्या मदतीने मोजा, तिला वन म्हणून संरक्षण द्या, असे आदेश त्यात आहेत. देशभरच्या अशा रायांसाठी केंद्राने धोरण आखावे, असेही सुचवले आहे. निकाल स्वागतार्ह आहे. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला, ओरणांची नोंद वन म्हणून होणार हे कळल्यावर तिथल्या पशुपालकांच्या मनात धास्ती निर्माण झाली होती: उद्या आपल्याच ओरणात जायला वनखात्याची परवानगी लागेल काय? 1878 च्या वन कायद्यापासूनचा इतिहास पाहिला तर ही धास्ती निराधार नाही. सरकार हाही मालकच आहे, आणि मालक संरक्षण करतो तसा वळवूनही देतो. गाणीची राई तोडायला कुणी चोर आला नव्हता. त्यातल्या त्यात 2006 चा वनहक्क कायदा मला या जागांच्या स्वभावाला जवळचा वाटतो, कारण तो ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा अधिकार देतो. सिंधुदुर्गात हेवाळे-बांबर्डे इथले रानजायफळाचे दलदलीतले दुर्मीळ रान जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले, तेही चांगलेच झाले. मात्र तिथवर ते टिकले होते गावाने देवराई मानले म्हणून. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या राईत अशाच प्रकारचे जंगल याच कारणाने उरले आहे. देवाचे नावही किती बोलके आहे: आकार नसलेला. घोषणा नंतर येते. ती यावी असे काही शिल्लक ठेवणारा आधी असावा लागतो.

राहिला प्रश्न तुमच्याआमच्यासारख्या पाहुण्याचा, जो शनिवार-रविवार पकडून देवराई ‘करायला’ जातो. त्याची देवीवर श्रद्धा नसते आणि कोपाची भीतीही नसते. त्याने चपला काढाव्यात का, पडलेली फांदीसुद्धा उचलू नये हा नियम पाळावा का? श्रद्धा नसताना विधी पाळणे हे ढोंग नाही का? माझे उत्तर असे, की या नियमांत देवीच्या सामर्थ्याबद्दल कसलीही कबुली मागितलेली नाही. मी इथला मालक नाही, एवढीच कबुली मागितली आहे, आणि ती नास्तिकालाही सत्याला धरूनच देता येते. उलट, श्रद्धा नसलेल्याला ती अधिक शुद्ध देता येईल, कारण त्याला बदल्यात नवस फेडून घ्यायचा नाही. पाहुण्यापुढचा मोह वेगळा असतो. तो लाकूड नेत नाही, पण शांतता न्यायला येतो, छायाचित्रे न्यायला येतो, दिसलेल्या पक्ष्यांचा आकडा वाढवायला येतो. हल्ली तर जपानी पद्धतीच्या वनस्नानाने रक्तदाब किती उतरतो याचाही हिशेब असतो. यांतले काहीच वाईट नाही, मात्र हे सारे घेणेच आहे, आणि राई घेण्याची जागा नव्हे. वनस्पतीचा नमुना हवा असलेल्या अभ्यासकाने तरी गावात विचारावे. नकार मिळाला तर तो माहितीचा तोटा मानू नये. आपण ज्या गोष्टीचा अभ्यास करायला आलो तिची ती प्रत्यक्ष नोंद असते.

पण पाहुण्यापेक्षा कितीतरी जास्त राई ज्यांच्या हाती आहे ते मुंबई-पुण्यात राहणारे गावकरी. शिमग्याला, गणपतीला गावी जाणारे, गावमंडळाच्या बैठकीला बसणारे. पुढच्या वेळी जीर्णोद्धाराचे पावतीपुस्तक तुमच्यापुढे येईल तेव्हा पैसे अवश्य द्या, आणि देताना मंडळाकडून एवढे लिहून घ्या की बांधकाम जुन्या जोत्याच्या बाहेर जाणार नाही, त्यासाठी राईतले एकही झाड पडणार नाही, आणि देणगीदारांच्या पाटीवर तुमचे नाव नको.